टेबलावर सगळीच चालतात

धाकट्यानं जेवता जेवता डावा हात उचलून कानाला लावला. थोरल्याला वाटलं, कान दुखत असेल. तसं विचारायला त्यानं तोंडही उघडलं, आणि मग मनगटावरचं घड्याळ दिसलं. धाकटा ऐकत होता. डोळे अर्धवट मिटून, घास तसाच गालात ठेवून ऐकत होता, आणि त्याच्या तोंडावर ते हसू होतं जे वडिलांच्या, अप्पांच्या तोंडावर रोज सकाळी चहाच्या आधी, घड्याळाला चावी देताना यायचं आणि चहा आला की मावळायचं. "चालतंय," तो म्हणाला, आणि पुन्हा जेवायला लागला. झालं ते इतकंच. भावजयीनं विचारलं, भाऊजी, आणखी थोडं घ्या ना, आणि थोरला सवयीनं नको म्हणाला. रविवारचं धाकट्याकडे जेवण, टेबलाभोवती दोन्ही जोडपी आणि धाकट्याची मुलगी, खिडकीतून येणारं बेताचं ऊन, नवीन पडद्यांचं कौतुक, सगळं कसं छान. आणि याला मात्र ताटात काय वाढलंय तेही दिसेना. अप्पांचं घड्याळ बंद होतं. ते बंद होतं हीच तर त्यातली सोय होती. अप्पा गेल्यावर ते धाकट्याकडे गेलं आणि त्याच्या कपाटात मोज्यांच्या खणात पडून राहिलं, तोवर थोरल्याला ते सोसत होतं. मेलेल्या वस्तूचा मालक कोण, याची कोण पंचाईत करतो? वर्षातून एकदोनदा आठवण यायची, तेव्हा मोज्यांच्या खणाचं चित्र डोळ्यासमोर आणून तो स्वतःची समजूत घालायचा, की बघा, काय किंमत आहे पोराला. आता ते चालत होतं. चालत होतं म्हणजे ते कुणाचंतरी झालं होतं.

धाकटा सांगायला लागला की थांबत नाही. बसडेपोच्या मागच्या बोळात एक म्हातारा घड्याळजी सापडला, मग त्यानं घड्याळ उघडून आतला एक एक तुकडा कसा वेगळा केला, धुतला, पांढऱ्या कापडावर मांडला, मग कळलं की आतलं जे डुलणारं चक्र असतं त्याची केसाएवढी आस मोडलीय, आणि ती आस आता जगात कुठं बनत नाही, मग म्हाताऱ्यानं त्याच जातीचं दुसरं मेलेलं घड्याळ शोधून काढलं आणि त्याची आस याला बसवली. काच नवी, चावीची गुंडी नवी, पट्टा नवा. तबकडी मात्र जुनीच, पिवळी पडलेली, सहाच्या आकड्याशी तपकिरी डाग असलेली. धाकटा म्हणाला होता रंगवून घेऊ, तर म्हातारा चिडला. नवं हवं असेल तर नवं विकत घ्या, माझा वेळ खाऊ नका, म्हणाला. धाकटा हे सगळं हातवारे करून, भावजयीच्या ताटावरून हात नेत सांगत होता, आणि थोरला मान डोलावत होता. दर शनिवारी तो त्या दुकानात स्टुलावर जाऊन बसत होता म्हणे. हा! ज्याला घरातला दिवा बदलता येत नाही, ज्याला अप्पा 'मोडतोड कंपनी' म्हणायचे, ज्यानं लहानपणी थोरल्याचा कंपास, थोरल्याची सायकल आणि थोरल्याचा चष्मा ओळीनं मोडून दाखवला, तो. आणि थोरला कोण? कवळ्या बनवणारा. मेणाच्या हिरडीवर एक एक दात बसवणारा, दोन दातांतल्या फटीचा अंदाज नुसत्या बोटानं घेणारा. बारीक काम म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायचं नव्हतं. अप्पा असताना हेच घड्याळ तोही घेऊन गेला होता, मोठ्या चौकातल्या, काचेच्या दाराच्या दुकानात. दुकानदारानं झाकण उघडलं, बघितलं, मिटलं. पार्ट मिळत नाही, म्हणाला. थोरल्यानं ते वाक्य जसंच्या तसं घरी आणून अप्पांच्या हातात दिलं. अप्पा म्हणाले, "असू दे. मला तरी आता कुठं वेळेवर पोचायचंय?" आणि बंद घड्याळ पुन्हा हातावर चढवायला मनगट पुढे केलं. म्हणजे पार्ट मिळत होता. मनापासून शोधणाऱ्याला मिळत होता.

परतताना बसमध्ये बायको म्हणाली, भाऊजींनी छान काम केलं नाही, किती खूष होते. थोरला म्हणाला, हो, छानच. मग तिनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पोटात दुखतंय का?" तिला जेवण म्हणायचं होतं की दुसरं काही, ते तिचं तिला माहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली की माणसाला असे प्रश्न विचारता येतात आणि उत्तराची वाट बघावी लागत नाही. थोरला खिडकीबाहेर बघत राहिला. दुकानं मिटत होती, एक माणूस शिडीवर चढून पाटीवरची धूळ पुसत होता, आणि याला दिसत होतं ते त्यांच्या स्वतःच्या घरातलं टेबल, अप्पा गेल्यानंतरच्या त्या दुपारचं. अप्पांच्या वस्तू अशा कितीशा होत्या. चष्मा, काठी, दोन कोट, दाढीचं सामान आणि घड्याळ. सगळं टेबलावर मांडलेलं. धाकटा म्हणाला, "दादा, घड्याळ तू ठेव ना." थोरला म्हणाला, नको, तूच ठेव. धाकट्यानं पुन्हा विचारलं, नक्की? थोरला म्हणाला, अरे घे. आणि धाकट्यानं ते उचललं आणि खिशात टाकलं. टाकलं! सुट्या नाण्यांसारखं. थोरला बघत राहिला आणि तिसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत राहिला.

कारण त्यांच्या घरात तसंच होतं. अप्पांनीच शिकवलं होतं. कुणाकडे गेलं आणि काही पुढे केलं, की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं तर घ्यायचं, तेही जमिनीकडे बघत. हावरट दिसता कामा नये. अप्पा बसडेपोवर कंट्रोलर होते, कोणती गाडी कधी सोडायची हे त्यांच्या घड्याळावर ठरायचं, आणि घरातल्या माणसांचं वागणंही ते तसंच सोडायचे, एकापाठोपाठ एक, मधे नेमकं अंतर ठेवून. थोरला हा नियम इतका पक्का शिकला की मुलगी पसंत आहे का, असं सासऱ्यांनी विचारलं तेव्हाही त्याच्या तोंडून आधी नकारच गेला. नशीब माझे बाबा चिकट होते, असं बायको अजून चारचौघांत सांगते आणि सगळे हसतात. धाकटा नऊ वर्षांनी झाला. तो कळता होईतो अप्पा थकले होते, आई गेली होती, आणि नियमाला कुणी विचारत नव्हतं. धाकटा पहिल्याच वेळी दोन्ही हात पुढे करायचा, आणि लोक हसून एकाच्या जागी दोन द्यायचे. अप्पाही हसायचे. हे थोरल्याला तेव्हाही कळलं नव्हतं आणि अजून कळत नव्हतं, की ज्या गोष्टीसाठी आपण मार खाल्ला तीच गोष्ट दुसऱ्याच्या बाबतीत गोड कशी काय होते. तेव्हा धाकट्यानं लबाडी केली असं म्हणायचीही सोय नव्हती. त्यानं दोनदा विचारलं, दोनदा नको ऐकलं, आणि सरळ माणसानं करावं तसं केलं. त्याला तिसऱ्यांदा विचारायचं असतं हे माहीतच नव्हतं. चोर म्हणावा तर चोर नाही, आणि माल तर गेला.

आणि शेवटची चार वर्षं अप्पा कुणाकडे होते? थोरल्याकडे. उजवा हात लुळा पडल्यापासून. दाढी कोण करायचं, आंघोळ कोण घालायचं, बटणं कोण लावायचं? याचा हिशेब थोरल्यानं कधी कुणाला दाखवला नव्हता, पण तो आत उघडाच असायचा. आंघोळीआधी घड्याळ काढायचं, आंघोळीनंतर चढवायचं. उजव्या हातानं अप्पांना पट्टा बांधता येत नव्हता. पट्ट्याचं तिसरं भोक. ते ओढून ओढून लांबट झालं होतं. मनगट ओलसर, साबणाचा वास असलेलं, आणि त्यावर बंद पडलेलं घड्याळ, आणि अप्पा शहाण्या मुलासारखे हात पुढे धरून बसलेले. त्या वेळी ते काही बोलायचे नाहीत. थोरला बोलायचा नाही. रोज घडणाऱ्या गोष्टीत बोलण्यासारखं काय असतं. रविवारी धाकटा फळं घेऊन यायचा, तासभर बसायचा, चार विनोद सांगायचा, आणि अप्पांचा चेहरा दारातून आत ऊन यावं तसा उजळायचा. आठवडाभर आपण वाती करायच्या आणि रविवारी येऊन दिवा यानं लावायचा. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. एकदा तर धाकटा गेल्यावर अप्पा म्हणाले, "किती धावपळ करून येतो बिचारा." थोरला तेव्हा त्यांच्या पायाची नखं कापत होता. त्यानं पुढचं नख जरा जास्तच खोल कापलं आणि अप्पा दचकले. मग त्यानं बराच वेळ तो अंगठा फुंकरत धरून ठेवला.

त्या रविवारनंतर त्याचं कामातलं लक्ष उडालं. लॅबमध्ये बाकं ओळीनं मांडलेली, प्रत्येक बाकावर प्लॅस्टरचे जबडे, मेणाचे दिवे, गुलाबी भुकटीचे डबे. वर्षानुवर्षं तो या उघड्या तोंडांच्या घोळक्यात बसत आला होता आणि त्यांनी कधी त्याला काही म्हटलं नव्हतं. आता मात्र ते सगळे दात त्याला हसतायत असं वाटायला लागलं. तो मेण तापवायचा आणि त्याला धाकट्याचं मनगट दिसायचं. आत्ता या वेळी तो चावी देत असेल. आत्ता कुणीतरी विचारत असेल, वा, जुनं आहे वाटतं, आणि तो सांगत असेल, आमच्या वडिलांचं. आमच्या! भुकटीत द्रव ओतताना त्याला आठवायचं, की धाकट्याच्या मुलीनंही ते घालून फोटो काढून घेतला होता आणि तो फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. खाली अंगठे, बदाम, टाळ्या. एका मावशीनं लिहिलं होतं, धाकट्यानं नाव राखलं. यावर त्यानंही एक अंगठा उठवून पाठवला होता, नाहीतर दिसून आलं असतं. अशा सगळ्या गडबडीत एका बाईंची कवळी वाकडी बसली. डॉक्टरांनी परत पाठवली आणि फोनवर म्हणाले, अहो, बाई हसल्या की एकाच बाजूनं हसतायत, दुसरी बाजू रागावलेली. लॅबमधले सगळे हसले. थोरल्याची कवळी परत आल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. तो कवळी हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिला. बाईंना काय माहीत, की त्यांच्या तोंडात दुसऱ्याच्याच घरातलं भांडण बसलंय.

शनिवारी तो त्या बोळात गेला. आपल्या मनगटावरच्या साध्या घड्याळाचा सेल संपलाय असं निमित्त त्यानं स्वतःशीच तयार केलं होतं, आणि ते निमित्त इतकं तकलादू होतं की दुकानाच्या पायरीवर त्यालाच हसू आलं. सेल चांगला चालू होता. दुकान म्हणजे एक कपाटच, आत एक माणूस बसवलेला. म्हाताऱ्यानं डोळ्यावरचं भिंग वर सरकवून त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "त्या डेपोवाल्यांच्या घड्याळाचे कोण तुम्ही? भाऊ का? कपाळ तेच आहे." थोरल्याला कपाळाबद्दल काही सांगायचं नव्हतं, पण बरं वाटलं. मग म्हातारा आपणहून बोलत गेला. तुमचे बंधू भारी माणूस. मला म्हणायचे, तुम्ही काम करा, मी हात लावणार नाही, माझा हात लागला की मोडतं. नुसते बसून राहायचे. घड्याळ जोडून झालं तरी मी लगेच दिलं नाही. का, तर टेबलावर सगळीच चालतात. हातावर चालायला पाहिजे. माणूस हात हलवतो, लिहितो, झोपेत कूस बदलतो, त्यात कळतं. म्हणून दुरुस्त केलेलं प्रत्येक घड्याळ म्हातारा आठवडाभर स्वतःच्या हातावर घालून वापरायचा आणि मगच परत करायचा. ही त्याच्या कामाची रीत. अप्पांचं घड्याळही त्यानं असंच आठवडाभर घातलं होतं, आंघोळ सोडून. थोरला ऐकत उभा राहिला आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे यानंही घातलं! हा कोण, कुठला, याच्या केसाळ मनगटावर ते आठवडाभर झोपलं, उठलं, आणि आपल्या मनगटावर एक घटकाभरसुद्धा नाही. अप्पांनी घातलं, घड्याळजीनं घातलं, धाकट्यानं घातलं, पोरीनं फोटोपुरतं घातलं. उरलं कोण? ज्यानं ते रोज काढलं आणि रोज चढवलं, तो. दुसऱ्याच्या हातावर.

निघताना म्हाताऱ्यानं खणातून एक कागदाची पुडी काढून पुढे केली. जुनी काच, जुनी गुंडी, जुना पट्टा. काढलेलं सामान मी गिऱ्हाइकाला परत देतो, म्हणाला, पण बंधू विसरून गेले, तुम्ही न्या. थोरल्यानं नको वगैरे काही म्हटलं नाही. पुडी वरच्या खिशात घालून तो बोळातून बाहेर पडला तेव्हा त्याचे पाय हलके झाले होते. त्याला अचानक सगळं स्पष्ट दिसलं होतं. धाकट्याकडे काय आहे? नवी काच, नवी गुंडी, नवा पट्टा, आणि पोटात दुसऱ्याच कुणाच्या घड्याळाची आस. अप्पांचा अंगठा ज्या गुंडीवर रोज फिरला ती या पुडीत. अप्पांनी ज्या काचेतून बघून गाड्या सोडल्या ती या पुडीत. तिसरं भोक या पुडीत. खरं घड्याळ आपल्याकडेच आलंय आणि त्याला पत्ताही नाही. त्यानं पुडी लॅबमधल्या खणात, कवळ्या ठेवायच्या डबीत ठेवली आणि काही दिवस तो फार आनंदात होता. त्या बाईंची कवळी त्यानं अशी जमवली की डॉक्टरांनी फोन करून सांगितलं. दुपारी सगळे जेवायला गेले की तो डबी उघडायचा. काच आपल्या घड्याळावर ठेवून बघायचा; ओरखड्यांतून आकडे धुरकट दिसायचे, आणि तो म्हणायचा, अप्पांना असंच दिसत असणार. पट्ट्याचा वास घ्यायचा. पण पट्ट्याला वास होता तो घड्याळजीच्या दुकानातल्या स्पिरिटचा. रोज थोडं आणखी जवळ नाक न्यावं, तर स्पिरिट. गुंडी बोटात धरून फिरवली तर ती नुसती फिरायची; तिला पलीकडे काही लागत नव्हतं. मग एक दिवस त्यानं काच पुन्हा आपल्या घड्याळावर ठेवली आणि त्याला दिसलं, की हा नुसता खरडलेला प्लास्टिकचा तुकडा आहे आणि आपण एक पन्नाशीचा माणूस आहोत. पुढच्या रविवारी धाकटा भेटला तर मनगटावर तेच घड्याळ, तेच हसू. कुणाच्या आसेवर का असेना, चालत होतं.

बायकोनं शेवटी एकदा सांगितलंच. चहाचा कप त्याच्यासमोर ठेवून म्हणाली, "मागून तरी बघा की. भाऊजी एका शब्दानं काढून देतील." ते त्यालाही माहीत होतं. तीच तर अडचण होती. मागितलं असतं तर मिळालं असतं, आणि मग ते धाकट्यानं दिलेलं झालं असतं. आयुष्यभर त्यानं दिलेलं घालून हिंडायचं. त्याला ते अप्पांकडून हवं होतं. कुणीतरी म्हणायला हवं होतं, की हे तुझंच, दुसऱ्या कुणाचं नव्हतंच कधी. आता असं म्हणणारा कुणी उरला नव्हता, आणि तरी ते ऐकायला मिळावं ही इच्छा काही जात नव्हती. एवढं सगळं बायकोला सांगणं शक्य नव्हतं. तो म्हणाला, मला काय करायचंय घड्याळ. ती म्हणाली, बरं, आणि चहा गार होतोय म्हणाली.

मग धाकट्याचं पोट दुखायला लागलं, खरंखुरं. पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, काही विशेष नाही, हल्ली चार बारीक भोकांतून काढतात, सकाळी करू आणि दोन दिवसांत घरी. थोरला ठरल्याप्रमाणे सकाळीच इस्पितळात हजर झाला. अशा वेळी तो हजर नसेल असं त्या घरात कुणाच्या मनातही आलं नसतं. धाकटा हिरव्या झग्यात ढकलगाडीवर पडला होता आणि झग्यात माणूस जितका बावळट दिसतो तितका दिसत होता. सिस्टर म्हणाली, अंगावर धातूचं काही नको. त्यानं अंगठी काढून बायकोला दिली. मग घड्याळ काढलं आणि थोरल्याकडे वळून म्हणाला, "दादा, हे तू घाल." थोरला म्हणाला, नको, त्यांच्या पर्समध्ये राहू दे. पण धाकट्यानं त्याचं मनगट धरलंच होतं. आडव्यानं, आपल्या त्या धांदरट बोटांनी तो पट्टा बांधायला लागला, एकदा चुकला, दोनदा चुकला, आणि मग जमलं. "खिशात नको ठेवूस, हातावर असलं की बरं चालतं. आणि आज चावी द्यायची राहिलीय, तेवढी दे." मग गाडी ढकलत नेली. जाता जाता धाकट्यानं पडल्या पडल्या हात वर केला, त्याला भीती वाटत होती हे त्या हातावरून कळत होतं, आणि थोरल्याला भरून आलं. तेव्हा खरंच भरून आलं. हे नंतर कितीही उलटसुलट आठवलं तरी खोटं ठरत नव्हतं.

बाहेर खुर्च्यांची रांग होती, भिंतीला चिकटवलेली, पाठ ताठ ठेवायला लावणारी. भावजय एका टोकाला हातात अंगठी घेऊन बसली, तिच्या शेजारी थोरला. त्यानं गुंडी चिमटीत धरली आणि फिरवली. आत काहीतरी लागलं. प्रत्येक फेऱ्याला बारीक दाताचा आवाज, आणि बोटाला हळूहळू वाढत जाणारा ताण, आणि मग ती जागा जिथं अप्पा थांबायचे, जिथून पुढे नेलं तर मोडेल आणि अलीकडे सोडलं तर दिवस पुरणार नाही. त्याला ती जागा कुणी सांगितली नव्हती, बोटाला कळली. त्यानं हात कानाला लावला. इतक्या वर्षांनी त्या आवाजानं त्याला अप्पांच्या पलंगाच्या कडेवर नेऊन बसवलं, पाय जमिनीला न पोचणारा पोरगा, वेळ चहाच्या आधीची. अंगभर ऊब पसरत गेली. घड्याळ त्याच्या मनगटावर असं बसलं होतं की त्याच्यासाठीच मापून केलंय. धाकट्याचं मनगट जाड, त्याचं अप्पांसारखं हाडकुळं. समोरून जाणाऱ्या एका माणसानं वेळ विचारली आणि थोरल्यानं हात उंच करून, दाखवून, सांगितली. पुढे बराच वेळ तो इस्पितळात नव्हताच. भावजय काही बोलत होती, तो हुं हुं म्हणत होता आणि काट्याकडे बघत होता. मग ती उठली, दाराच्या काचेतून आत बघायला गेली, परत आली, आणि म्हणाली, भाऊजी, एवढा वेळ लागेल म्हणाले नव्हते. त्यानं बघितलं. खरंच फार वेळ झाला होता, आणि त्या घड्याळाकडे इतका वेळ बघूनही त्याला ते कळलं नव्हतं. एक सिस्टर आतून घाईनं बाहेर आली आणि काही न सांगता दुसऱ्या दारानं निघून गेली. भावजयीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, काही झालं तर नसेल ना. तो म्हणाला, छे, काहीतरीच काय, आणि तिच्या खांद्यावर थोपटलं. उजव्या हातानं थोपटलं. आणि तसं थोपटत असताना, अगदी त्याच वेळी, त्याच्या मनात एक वाक्य आलं. हा बाहेर आला नाही, तर हे आपल्याकडेच राहील. वाक्य आलं आणि गेलं असं झालं असतं तरी चाललं असतं. माणसाच्या मनात काय येईल याला धरबंध नसतो. पण ते थांबलं. त्यानं त्याला बसायला जागा दिली. मग त्याला पुढचं सगळं दिसायला लागलं, एकामागून एक, न बोलावता. रिकामं घर, टेबलावर मांडलेल्या वस्तू, भावजय रडून सुजलेल्या डोळ्यांनी म्हणतेय, भाऊजी, घड्याळ आता तुम्हीच ठेवा. आणि आपण म्हणतोय, नको, मुलीला ठेवा. ती पुन्हा म्हणतेय. आपण पुन्हा नको म्हणतोय. आणि मग ती, समजूतदार आहे ती, तिसऱ्यांदा म्हणतेय, आणि आपण जमिनीकडे बघत हात पुढे करतोय. तो खुर्चीवर बसून हे नकार मनात घोळवत होता, कोणता शब्द कुठं, आवाज किती खाली, भावाची बायको खांद्याशी बसून देवाला विनवत असताना. घड्याळ चालत होतं. फार छान चालत होतं.

दार उघडलं आणि डॉक्टर तोंडावरची पट्टी खाली ओढत बाहेर आले. हसत होते. जरा चिकटलेलं होतं म्हणून वेळ लागला, म्हणाले, पण आता सगळं व्यवस्थित, काळजीचं काही नाही. भावजय मटकन खाली बसली आणि रडायला लागली. थोरल्याला आनंद झाला नाही असं नाही. झाला, भरपूर झाला. पण तो नंतर आला. त्याच्या आधी, डॉक्टरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत, त्याचा उजवा हात डाव्या मनगटाकडे गेला होता आणि त्यानं बाही खाली ओढून घड्याळ झाकून घेतलं होतं. त्यानं तो हात बघितला. कवळ्या बनवणारा, दाढ्या करणारा, पट्टे बांधणारा, चांगला ओळखीचा हात. कुणी बघितलं नव्हतं. भावजय पदरात तोंड घालून रडत होती, डॉक्टर पाठ फिरवून चालायला लागले होते, आणि ज्यानं बघितलं तो एकटाच होता आणि त्याला आता त्या हातासकट घरी जायचं होतं.

धाकट्याला खोलीत आणलं तेव्हा थोरला पट्टा सोडत सोडतच आत शिरला. कधी एकदा ते अंगावरून उतरतंय असं त्याला झालं होतं. धाकटा गुंगीत होता, तोंड उघडं, ओठ कोरडे, मधूनच बारीक घोरत होता. थोरल्यानं पांघरुणाखालून त्याचा डावा हात बाहेर काढला, तर त्याला सलाइनची सुई लावलेली. तो दुसऱ्या बाजूला गेला आणि उजवं मनगट धरून पट्टा बांधायला लागला, तेवढ्यात सिस्टर आली. काय करताय, म्हणाली, आज हाताला काही घालायचं नाही, सूज येते. भावजय डोळे पुसत म्हणाली, "राहू द्या भाऊजी तुमच्याच हातावर. यांनी मुद्दाम तुम्हालाच दिलं. मला रात्रीच म्हणाले होते, दादाकडे असलं की मला आत भीती वाटणार नाही." थोरला म्हणाला, नको. नको, तुमच्याकडेच ठेवा. त्याचा आवाज असा काही निघाला की दोघींनी वळून बघितलं. सिस्टर म्हणाली, अहो, संध्याकाळपर्यंतचाच तर प्रश्न आहे, छान दिसतंय की तुम्हाला. त्यानं पट्टा पुन्हा स्वतःच्या मनगटावर बांधला, धाकट्याच्या उशाशी खुर्ची ओढली, आणि संध्याकाळ होईपर्यंत तो ते घालून तिथं बसून राहिला.